डावीकडे पडणारी मिडरेंज

१० नोव्हेंबर, रविवार

आशाने ही डायरी आणून दिली. म्हणाली, "रिटायर झाल्यापासून दिवसभर माझ्यापाशी जे कुरकुरता ते हिच्यात लिहा, माझे कान तरी सुटतील." नवऱ्याला गप्प करायचा इतका सभ्य मार्ग मी पहिल्यांदाच पाहिला. ठीक आहे, लिहितो.

पहिली तक्रार. आज बागेत एक नवे गृहस्थ डिस्क गोल्फ खेळायला आले होते, कुठल्याशा बँकेत मॅनेजर. त्यांनी फेकलेली प्रत्येक डिस्क डावीकडे पेरूच्या झाडांत जात होती. लगेच म्हणाले, "ही डिस्क डिफेक्टिव्ह आहे." माझं डोकंच फिरलं. अंबडच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात मी सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलला काढली. माझ्यासमोर डिफेक्टिव्ह हा शब्द कोणी असा फुकटात वापरलेला मला चालत नाही. त्यांना उभं केलं आणि तासच घेतला. म्हटलं, साहेब, उजव्या हाताने फेकलेली डिस्क जोर असेपर्यंत सरळ जाते. जोर संपला की डावीकडे उतरते. तुमच्या हातात मुळात जोरच नाही, म्हणून ती अर्ध्यात उतरते. मालाला बोल लावू नका. माझा मित्र दिनेश मागे उभा राहून हसत होता. नंतर म्हणाला, "दत्ता, लेका, तो परत येणार नाही आता." नाही आला तर नाही.

माझीही पोपटी डिस्क आज दोनदा डावीकडे पडली. पण वारा होता.

१३ नोव्हेंबर

शर्टांच्या कंपन्यांनी काजांची मापं कमी केली आहेत. नवा शर्ट घालायला आज इतका वेळ लागला की आशा दारात येऊन उभी राहिली आणि "मी लावून देऊ का?" म्हणाली. मी काय लहान आहे का? काज बटणापेक्षा मोठं असावं एवढी साधी गोष्ट तपासायला तिथे कोणी नाही. सगळीकडचा दर्जा घसरत चालला आहे आणि लोक मुकाट्याने विकत घेतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

कुठल्याही रिपोर्टमध्ये आधी माल काय आहे ते लिहायचं, ही माझी सवय. तर डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. कमी फेकींत जो टोपली गाठेल तो जिंकला. महिरावणीजवळ दिनेशची पेरूची बाग आहे. तिथे आम्ही दोघांनी सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून सायकलच्या चेन लावून टोपल्या करून घेतल्या. लोक तेव्हा हसले. आता रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

लांबच्या फेकीला ड्रायव्हर लागतो, त्याची कड पातळ, धारदार. टोपलीपाशी पटर, त्याची कड बोथट आणि पोट खोल. मधल्या अंतराला मिडरेंज. खेळणाऱ्याची खरी परीक्षा मिडरेंजवर होते. तिच्यातही दोन स्वभाव. आमच्याकडे त्यांना हट्टी आणि नरम म्हणतात. हट्टी मिडरेंजची कड उंच असते आणि खालून मण्यासारखी गोल रेघ फिरलेली असते. ती वाऱ्याला दाद देत नाही आणि शेवटी हमखास डावीकडे वळते. नरमची कड खाली उतरलेली असते. ती उजवीकडे कलून तरंगत जाते. नवी हट्टी डिस्क झाडांवर, दगडांवर आपटून आपटून काही वर्षांनी नरम होते. नरम डिस्क मात्र पुन्हा हट्टी होत नाही. तसं होऊच शकत नाही.

माझी पोपटी ही पोपटी रंगाची मिडरेंज आहे. घेतली तेव्हा हट्टी होती. आता ती अशी मुरली आहे की मी फेकावी आणि तिने दोरी लावल्यासारखं सरळ जावं. निदान दिवाळीपर्यंत तरी जात होती. आज ती चार वेळा भागीबाईच्या मेथीत पडली. भागीबाई बागेतल्या डाव्या अंगाच्या तुकड्यात अर्धलीने, निम्म्या वाट्यावर, भाजी करते. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊ, ही हिरवी ताटली तुमचीच हाय ना? लय वेळा येती इथं. माझी मेथी पार झोपवली. बाकीच्यांच्या नाय येत त्या." सगळ्यांसमोर. मी म्हटलं, वारा आहे. ती म्हणाली, "कुठं हाय वारा?"

आणि हे नेमकं आत्ताच. जानेवारीत इगतपुरीला जोड्यांची स्पर्धा आहे. तिच्यात दोघंही फेकतात, ज्याची डिस्क चांगल्या जागी पडेल तिथून दोघंही पुढची फेक करतात. दिनेश आणि मी पॉलिटेक्निकपासून एकत्र. जोडी म्हटली की आमचीच, हे कोणी विचारतसुद्धा नाही. पण यंदा दिनेशची मुलगी स्नेहल जोमात आहे. तिचा हात चाबकासारखा चालतो. बापलेकीने जोडी करावी असं दोघातिघांनी आज माझ्यादेखत सुचवलं. दिनेश काही बोलला नाही. मला ते आवडलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पोपटी सुधारली! आज सुंदर गेली. पहिल्याच फेकीला टोपलीच्या पुढ्यात. मी काल तिला कोमट पाण्यात ठेवून सपाट फळीवर दाबून ठेवली होती, त्याचा हा परिणाम. प्लास्टिकला वळण लागतं, तसं ते काढताही येतं. मी हे सगळ्यांना सविस्तर सांगितलं. दिनेशने खाली बघत ऐकून घेतलं, त्याला स्वतःला हे सुचलं नाही म्हणून असेल. भागीबाईला मुद्दाम हाक मारून विचारलं, "आली का आज मेथीत?"

३० नोव्हेंबर

हिंगाला वास नाही. आशाने फोडणी केली आणि मी शेजारी उभा असून मला पत्ताच नाही. मी तिला म्हटलं, ही कंपनी बंद कर, नुसतं पीठ विकतात. ती डबी नाकाशी धरून बराच वेळ उभी राहिली, मग माझ्याकडे बघितलं. "मला तर येतोय," म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तिला त्याच दुकानातून आणायची सवय लागली आहे.

४ डिसेंबर

आज घरात महाभारत. आशा भिशीला गेली होती आणि मला दुधाकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती परत आली तेव्हा पातेलं काळं झालेलं, घरभर धूर. "अहो, इतका जळका वास सुटलाय, तुम्हाला कळलं कसं नाही?" मी म्हटलं, मी वाचत होतो. माणूस वाचू शकत नाही का? हल्ली पेपरसुद्धा इतक्या हलक्या कागदावर छापतात की हातात धरला की फडफडत राहतो, ओळ सापडत नाही. मी संपादकांना पत्र लिहिणार आहे. आशा पातेलं घासत बसली आणि नंतर बाल्कनीत जाऊन कोणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलली. बहिणीकडे माझ्या तक्रारी करत असणार.

१५ डिसेंबर, रविवार

पुन्हा तेच. पोपटी पुन्हा डावीकडे. कोमट पाणी, फळी, वजन, सगळं करून गेलो होतो. सरळ सुटते आणि अर्ध्या वाटेत जीव गेल्यासारखी डावीकडे कोसळते. स्नेहलने शेजारी उभं राहून तशाच मिडरेंजने साखळ्या वाजवल्या.

परत येताना गाडीत दिनेश म्हणाला, "दत्ता, एकदा सगळ्या टेस्ट करून घ्यायच्या का? रक्तबिक्त. मी पण करतो तुझ्याबरोबर." मी म्हटलं, टेस्ट डिस्कची करायला पाहिजे. त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "उजवा हात दुखतो का रे तुझा? चालताना तो हलवत नाहीस तू." मला राग आला. हा माझ्या चालण्याकडे कशाला बघतो? हात हलवत मिरवायला मी काय परेडला चाललो आहे?

१८ डिसेंबर

आज सगळा दिवस तपासणी केली. जेवणाच्या टेबलावर कापड अंथरलं, जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. स्नेहलकडून तिची नवी डिस्क मागून आणली होती, त्याच साच्यातली, त्याच रंगाची. दोन्ही शेजारी ठेवल्या.

नवीची कड उंच आहे, म्हणजे नाक वर. माझ्या पोपटीचं नाक खाली उतरलं आहे. इथपर्यंत अपेक्षितच. पण ती माझ्या अंदाजापेक्षा फारच जास्त झिजलेली निघाली. कडेवर दगडाचे ओरखडे आहेत ते मी कधी पाहिलेले नाहीत. मी डिस्क उलटी केली. साच्यात प्लास्टिक जिथून शिरतं तिथे पोटाच्या मधोमध एक टेंगूळ राहतं. माझ्या डिस्कवरचं टेंगूळ मी स्वतः पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं होतं, बोटाला लागू नये म्हणून. हिच्यावर ते जसंच्या तसं आहे, खरखरीत.

ही माझी डिस्क नाही.

आत माझं नाव आहे. "द. गा." असं माझ्यासारख्याच तिरप्या अक्षरात. म्हणजे कोणीतरी बसून माझ्या अक्षराची नक्कल केली आहे. चूक म्हणून डिस्क बदलली गेली असती तर नाव कोण कशाला लिहील? माझी बॅग बागेत दर वेळी एकच माणूस उचलतो. मी पाणी प्यायला जातो तेव्हा दिनेश माझी बॅग खांद्याला लावून पुढच्या टोपलीपर्यंत नेतो. हल्ली तो ती मागून घ्यायचा, "दे इकडे" म्हणून.

आणि कारणही समोर आहे. मला वाईट डिस्क द्यायची, मी सगळ्यांसमोर मेथीत फेकायची, म्हणजे मग लेकीबरोबर जोडी करायला कोणी नावं ठेवणार नाही. तोंडाने सांगायची हिंमत नाही. इतक्या वर्षांची ही किंमत!

एकच गोष्ट जुळत नाही आणि ती मला झोपू देणार नाही. नाक इतकं उतरलेली, इतकी झिजलेली डिस्क नरम असते. ती उजवीकडे कलली पाहिजे. ही डावीकडे पडते. आकार एक सांगतो आणि उड्डाण दुसरंच. दिनेशचा पाइपांचा धंदा आहे, प्लास्टिकशी काय काय करता येतं ते त्याला कळतं. आतून काहीतरी केलं असणार.

२२ डिसेंबर, रविवार

केलं. सगळ्यांसमोर केलं, कारण माझी फजितीही सगळ्यांसमोरच झाली होती.

पहिल्या टोपलीपाशी सगळे जमले तेव्हा मी डिस्क वर धरली आणि म्हणालो, "दिनेश, ही माझी नाही. माझी कुठे आहे?"

त्याचा चेहरा उतरला. नाकारेल, हसेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तो नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "घरी जाऊन बोलू."

"इथे बोल. नक्कल इथेच वापरायला दिलीस ना मला?"

"दत्ता, हात जोडतो. घरी बोलू."

बँकेचे मॅनेजर तोंड वळवून बुटांची नाडी बांधायला लागले. हो, ते परत आले आहेत. स्नेहल म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत नाही बाबांनी काय..." आणि दिनेश तिच्यावर ओरडला. मी त्याला स्नेहलवर ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. मी डिस्क त्याच्या पायाशी टाकली. म्हणालो, "तुला लेकीबरोबर खेळायचं होतं तर सांगायचं होतंस. मी टाळ्या वाजवायला आलो असतो. चोरी कशाला केलीस?" आणि रिक्षा करून घरी आलो. बरोबर केलं. हजार वेळा बरोबर केलं.

आशाला सांगितलं. तिने पदराचं टोक तोंडाला लावलं आणि म्हणाली, "काय करून बसलात हो तुम्ही." म्हणजे हिचाही त्यालाच पाठिंबा.

२९ डिसेंबर, रविवार

गेलो नाही. दिवसभर घरात. फोन आला नाही. मीही केला नाही.

३ जानेवारी

आशा माझ्याशी कामापुरतं बोलते. हाताने डाळिंब सोलत होतो, दाणे ताटात कमी आणि खाली जास्त. डाळिंबं अतिपिकलेली होती. तिने ताट ओढून घेतलं आणि सोलून माझ्यासमोर ठेवलं. मी खाल्लं नाही. मग खाल्लं.

दिनेश नसला की रविवार कशासाठी येतो तेच कळत नाही. याचाही त्याच्यावर राग आहे.

५ जानेवारी, रविवार

हे नीट लिहायचं आहे.

सकाळी स्नेहल आली. आत न बसता उभ्यानेच म्हणाली, "काका, तुम्ही म्हणता डिस्क खराब आहे. मग ती माझ्या हातूनही खराबच जायला पाहिजे ना? चला, बघू."

पोरीने मला माझ्याच हत्याराने पकडलं. कारखान्यात आम्ही हेच करायचो. माल वाईट की मशीन वाईट असा वाद निघाला की तोच माल दुसऱ्या मशीनवर चढवायचा. माल वाईट असेल तर तिथेही वाईटच निघणार. या पद्धतीला मी नाही कसं म्हणणार? शर्ट घातला. आशा न सांगता गाडीत येऊन बसली.

बागेत दिनेश होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. वारा अजिबात नव्हता, धुकं होतं, पेरूच्या पानांवरून पाणी ठिबकत होतं. स्नेहलने ती पोपटी घेतली आणि फेकली. डिस्क सुटली, कलली आणि तरंगत उजवीकडे विहिरीच्या बाजूला गेली. परत आणून पुन्हा फेकली. पुन्हा उजवीकडे. नाक उतरलेली नरम मिडरेंज जशी जावी तशी, हुबेहूब.

"जोर जास्त आहे तुझा," मी म्हणालो. "दिनेशला फेकू दे."

दिनेशने फेकली. त्याचा हात माझ्याएवढाच आहे, वय माझ्याएवढंच. सरळ गेली आणि शेवटी उजवीकडे कलली.

मग मी घेतली. नीट घेतली. पाय मांडले, कंबर वळवली, आयुष्यात जितकं शिकलो तितकं सगळं त्या फेकीत घातलं. डिस्क सरळ सुटली, अर्ध्यात गेली आणि डावीकडे मेथीत पडली. भागीबाई वाफ्यातच होती. या वेळी ती काही बोलली नाही. डिस्क उचलली, पदराने पुसली आणि माझ्या हातात आणून दिली. मला त्याचाच जास्त संताप आला.

मी पुन्हा फेकली. पुन्हा मेथीत. पुन्हा फेकली.

"बस, दत्ता," दिनेश म्हणाला.

"बस काय? बोल आता. माझी कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे. मी घेतली." तो बांधावर बसला. "तुझी डावीकडे पडायला लागली तेव्हा मला वाटलं, वय झालं, जोर कमी झाला असेल. तुला सांगितलं असतं तर तू खेळणंच सोडलं असतंस. ही माझी जुनी आहे. माझ्या सगळ्या मिडरेंजमधली नरमातली नरम. कमी जोरातही सरळ जाईल म्हणून तुझ्या बॅगेत ठेवली. स्नेहलने तुझं नाव लिहिलं. गेली की नाही सरळ? तू केवढा खूश होतास. कोमट पाण्याचं सांगत होतास सगळ्यांना."

मी बुटांचा चिखल बांधावर झाडायला लागलो.

"मग तीही डावीकडे पडायला लागली. महिन्यात. वयाने असं महिन्यात होत नाही रे. तेव्हा मी घाबरलो. वहिनींचा फोन आधीच येऊन गेला होता. त्यांनी बटणांचं सांगितलं होतं, दुधाचं सांगितलं होतं."

म्हणजे बाल्कनीतला फोन याला होता. मी आशाकडे बघितलं. ती रडत होती, पण नजर खाली घातली नाही. म्हणाली, "तुम्ही कोणाचं ऐकता का? मी नुसतं डॉक्टर म्हटलं असतं तर तुम्ही डॉक्टरचाच दर्जा काढला असता."

माल तोच. मशीन बदललं की बरोबर जातो. याचा अर्थ काय होतो हे मला कोणी शिकवायला नको. मी गाडीत जाऊन बसलो.

९ जानेवारी

मेंदूचे डॉक्टर. माझ्या निम्म्या वयाचा पोरगा. मला म्हणाला, अंगठा आणि बोट भराभर जुळवा. डाव्या हाताची टकटक घड्याळासारखी चालली. उजव्याची सुरू झाली, लहान लहान होत गेली आणि थांबली. मी हाताकडे बघत होतो. चालवत होतो मी, आणि तो चालत नव्हता. मग त्याने मला पॅसेजमधून चालायला लावलं आणि वास कधीपासून येत नाही ते विचारलं. मी म्हटलं, हिंगच भेसळीचा होता. आशाने मध्येच तोंड उघडलं आणि मी दोन महिन्यांत काढलेली एकेक तक्रार त्याला सांगितली. काजं, पेपर, डाळिंब. ही बाई सगळं लक्षात ठेवून बसली होती. मी शर्टाच्या कंपनीला, पेपरवाल्याला, हिंगवाल्याला शिव्या घातल्या, आणि तिने त्या सगळ्या गोळा करून मलाच परत दिल्या.

पार्किन्सन. पोरगा म्हणाला, लवकर सापडलं, गोळ्यांनी बराच फरक पडेल, खेळणं मुळीच सोडू नका. मी विचारलं, "बरा होणार का हात?" तो म्हणाला, "सांभाळता येईल." मी म्हटलं, सरळ उत्तर द्या. तो म्हणाला, "नाही, पूर्ण बरा होणार नाही." निदान हा माणूस सरळ बोलला. बाकी सगळ्यांनी माझ्यावर दया केली.

मला भीती वाटते आहे. ते लिहून ठेवतो.

१४ जानेवारी

दिनेश तिळगूळ घेऊन आला. मी गोड बोललो नाही.

म्हटलं, "दोन महिने तुला दिसत होतं. कारखान्यात पहिल्याच तुकड्याला दोष दिसला की लाइन थांबवायची असते. तू काय केलंस? दोष झाकलास. मी खुळ्यासारखा पाण्यात डिस्क भिजवत बसलो आणि तू मान डोलावलीस."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून काय होतं? दोन महिने आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या."

"चुकलं, दत्ता. मला वाटलं, डिस्क बदलून भागेल."

हे म्हणताना त्याचा आवाज फुटला. साठीचा माणूस हातात तिळगुळाची पुडी धरून माझ्या सोफ्यावर रडतो म्हणजे काय? मीही त्याला चोर म्हणालो होतो, सगळ्यांदेखत, आणि तो एवढं खरं सांगून सुटू शकत असताना गप्प राहिला होता. मी त्याची माफी मागायला हवी होती. तेवढ्यात मला पुन्हा राग आला, कारण गप्प राहून त्याने मला आणखीच खाली ढकललं होतं. आशाने चहा आणला. मी डाव्या हाताने कप घेतला. कोणीही तिकडे बघितलं नाही, आणि न बघण्याचा तो आटापिटाही मला दिसला.

जाताना दारात तो म्हणाला, "इगतपुरीतून तुझं नाव काढू का? स्नेहल म्हणते, ती माझ्याबरोबर..."

"काढून बघ," मी म्हटलं. "तुझ्या दारात येऊन बसेन."

१९ जानेवारी, रविवार, इगतपुरी

घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं की टोपली दिसत नव्हती, नुसत्या साखळ्या वाजल्या की कळायचं. मुंबई, पुण्याकडची मंडळी आली होती, मोठमोठ्या बॅगा, रंगीत टोप्या. गोळ्या घेऊन दहा दिवस झाले. हातापासून मानेपर्यंतचं जडपण जरा कमी आहे, पण लोक बघायला लागले की हात थरथरतो. हे नवीन आहे. आधी नव्हतं, निदान मला दिसलं नव्हतं.

आमचं नाव पुकारलं. मी मिडरेंज घेऊन उभा राहिलो आणि हात सुरू झाला. डिस्क हातात पंख्यासारखी हलत होती. मागे पंधरा-वीस जण असतील, सगळे एकदम शांत झाले. आणि दिनेश, गुपचूप, पाण्याची बाटली शोधल्यासारखं करत माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला, लोक आणि माझा हात यांच्या मध्ये. पाठ त्यांच्याकडे, छाती फुगवून.

पुन्हा झाकायला निघाला होता.

"बाजूला हो," मी म्हटलं.

"अरे, मी फक्त..."

"सरक, दिनेश. माझा हात आहे. बघू देत."

तो सरकला. मी थांबलो, हात थांबायची वाट बघितली. तो पूर्ण थांबला नाही. तसाच फेकला. डिस्क सुटली, अर्ध्यात गेली आणि डावीकडे गवतात उतरली. कोणी टाळी वाजवली नाही, ते बरं झालं. मग दिनेशने फेकली. त्याची धुक्यातून सरळ गेली आणि पलीकडे साखळ्यांना घासून पडल्याचा बारीक आवाज आला.

नियमाप्रमाणे आम्ही त्याच्या डिस्कपाशी जायचं होतं. तो निघाला, मग वळून म्हणाला, "तुझी मी आणतो."

"मी आणतो," मी म्हटलं, आणि डावीकडे गवतात गेलो.